टक्क्यांचा दोष देवनागरीच्या माथी

मराठी संकेतस्थळ उभं राहताना एक वाद ठरलेलाच असतो. लेखाचा पत्ता, म्हणजे यूआरएलच्या शेवटी येणारा स्लग, देवनागरीत ठेवायचा की रोमनमध्ये? ठिणगी बहुधा एखाद्या लिंकमुळे पडते. ब्राउझरच्या पट्टीत ‘मराठी’ एवढंच सुटसुटीत दिसत असतं; तेच उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवलं की ‘टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई’ अशी पंचेचाळीस चिन्हांची शेपटी उमटते. मग एक पक्ष म्हणतो, देवनागरी वेबला झेपत नाही, निमूटपणे रोमन स्लग ठेवा. दुसरा पक्ष म्हणतो, मराठीचा पत्ता मराठीतच हवा, प्रश्न अस्मितेचा आहे. दोन्हीकडून आवाज चढतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. माझं म्हणणं असं: पत्ता देवनागरीतच असावा, पण अभिमानापोटी नव्हे. रोमन करताना शब्द कायमचा हरवतो, टक्क्यांत तो हरवत नाही, एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं. आणि देवनागरीच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या बहुतेक अडचणी येतात त्या एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचं यंत्राला चालेल अशा चिन्हांत रूपांतर, भलत्या जागी केल्यामुळे, नाहीतर एकदा करायचं ते दोनदा केल्यामुळे.

आधी हे टक्के येतात कुठून ते पाहू. यूआरएलचे नियम डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ म्हणून लिहिले गेले; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज. पत्त्यात चालतील ती रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी विरामचिन्हं. जानेवारी २००५ मधल्या आरएफसी ३९८६ ने नियम नव्याने मांडले, पण ही चौकट कायम ठेवली. याबाहेरचं काही लिहायचं तर त्याचे बाइट घ्यायचे आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन षोडशमान अंक (० ते ९ आणि ए ते एफ) असा मांडायचा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हं बाइटांत मांडायच्या पद्धतीत, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांचं. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. तीन बाइट, प्रत्येकाची तीन चिन्हं, म्हणून एकट्या ‘म’ची नऊ. ‘मराठी’त म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणून पंचेचाळीस. भांडणात एक गोष्ट हमखास विसरली जाते: त्याच जानेवारी २००५ मध्ये आरएफसी ३९८७ सुद्धा आली. तिने पत्ता कोणत्याही लिपीत लिहायची मुभा दिली आणि तो जुन्या चौकटीत पाठवायचा झाला तर टक्क्यांत कसा बदलायचा तेही सांगितलं. म्हणजे माणसासमोर देवनागरी आणि तारेवर टक्के, ही वाटणी गेली वीस वर्षं कागदावर पक्की आहे.

तीन बाइटांच्या तक्रारीलाही एकदा उत्तर देऊन टाकू, कारण ‘रोमन अक्षराला एक आणि आपल्याला तीन, हा अन्याय नाही का’ हे वाक्य दर चर्चेत येतं. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली अंथरलेल्या कागदावर केली. पहिली १२८ चिन्हं एका बाइटात, क्रमांक २०४७ पर्यंतची दोनात, त्यापुढची ६५,५३५ पर्यंत तीनात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी सुरू होते २३०४ वर. ग्रीक, सिरिलिक, हिब्रू, अरबी या लिप्यांची मूळ अक्षरं दोन बाइटांच्या कुंपणात मावली आणि आपण २५६ घरांनी बाहेर राहिलो. चुटपुट लागावी इतकं जवळून. तक्रार खोटी नाही. भारतीय मानक १३१९४, म्हणजे १९९१ ची इस्की, देवनागरी चिन्ह एकाच बाइटात बसवत होती. पण म्हणून मराठी पान इंग्रजी पानाच्या तिप्पट जड होतं का? पानातले टॅग, स्टाइलशीट, जावास्क्रिप्ट सगळं एकबाइटीच असतं. शिवाय पान वाटेत जीझिप किंवा ब्रॉटलीने दाबलं जातं आणि देवनागरी मजकुराचा पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. अशी पुनरावृत्ती दाबण्याच्या अल्गोरिदमला आयतीच मिळते. हा अख्खा लेख न दाबताही शंभर किलोबाइटांच्या बराच आत बसतो, आणि त्याच्या डोक्यावर लावलेलं एखादं छायाचित्र एकटंच त्याहून जड असू शकतं. तक्रार खरी ठरते ती एसएमएसच्या बाबतीत. तिथे रोमन मजकुराला १६० चिन्हं मिळतात आणि देवनागरी आली की ७०. पण त्या नियमाचा यूटीएफ-८ शी काही संबंध नाही.

आता एक उदाहरण भिंग लावून पाहू. संकेतस्थळं चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये लेखाचा स्लग डेटाबेसच्या ज्या रकान्यात राहतो त्याची लांबी २०० चिन्हं आहे, आणि वर्डप्रेस देवनागरी स्लग तिथे ठेवतो तो टक्क्यांत बदलून. २०० ला ९ ने भागा: बावीस. शीर्षक आहे ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई आणि धरणांचं राजकारण’. ‘महाराष्ट्रातील’मध्ये काने, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण धरून चौदा चिन्हं, म्हणजे १२६. मधली आडवी रेघ धरून १२७. ‘पाणीटंचाई’ची चिन्हं नऊ, त्यांतली आठ बसेपर्यंत आकडा १९९ ला टेकतो आणि ‘ई’ला जागा उरत नाही. पत्ता तयार होतो ‘महाराष्ट्रातील-पाणीटंचा’. धरणं गेली, राजकारण गेलं, टंचाईतही टंचाई झाली. पुढच्या आठवड्यात ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई आणि टँकर’ असा दुसरा लेख लिहा. पत्ता पुन्हा तोच निघतो, मग वेगळेपणासाठी मागे ‘-२’ लावायला जागा हवी म्हणून ‘चा’चा कानाही छाटला जातो.

हे दाखवून पहिला पक्ष विजयी मुद्रेने म्हणतो, सांगत नव्हतो? मग मराठी विकिपीडिया पाहा. १ मे २००३ पासून तो चालू आहे आणि त्याचे पत्ते देवनागरीतच आहेत. त्याच्यामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर शीर्षक साठवतं सरळ यूटीएफ-८ बाइटांत, कमाल २५५ बाइट. म्हणजे पंचाऐंशी चिन्हं. वर्डप्रेस आणि मीडियाविकी दोन्ही पीएचपीत लिहिलेली, दोन्ही मायएसक्यूएल वर्गातल्या डेटाबेसवर चालणारी, लिपी तीच, वेब तीच. मग एकाकडे बावीस आणि दुसऱ्याकडे पंचाऐंशी का? एकाने टक्के पायताणासारखे उंबरठ्याबाहेर ठेवले, दुसऱ्याने ते घालूनच माजघरात पाऊल टाकलं. यात लिपीचा अपराध कोणता? वर्डप्रेसवरही अन्याय नको. ज्या काळात ही योजना ठरली तेव्हा डेटाबेसचा रकाना कोणत्या कॅरेक्टर सेटमध्ये, म्हणजे बाइट आणि अक्षरांच्या कोणत्या तक्त्यात, असेल याचा भरवसा नव्हता आणि टक्के कुठल्याही सेटमध्ये शाबूत राहतात. त्या काळाला ते शहाणपणाचं होतं. एप्रिल २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीने तक्ते यूटीएफ-८-एमबी-४ वर, म्हणजे मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८ वर, नेले. रकाना आणि त्यातले टक्के मात्र होते तिथेच राहिले.

रोमनवाल्यांचे मुद्दे पोकळ आहेत असं नाही. टक्क्यांची लिंक ओंगळ दिसते आणि फसव्या लिंकांनी पोळलेला माणूस तिच्यावर बोट ठेवायला कचरतो. ती फोनवर सांगता येत नाही, हस्तपत्रकावर छापता येत नाही. ईमेलच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती मधल्या ओळीत तुटते आणि अर्धीच निळी होते. सर्व्हरचा लॉग उघडला तर कोणता लेख कितीदा वाचला गेला हे डोळ्यांनी कळत नाही. हे चारही मुद्दे मान्य. पण यांतला कोणता मुद्दा रोमन स्लगने खरोखर सुटतो? साठ अक्षरी रोमन स्लग फोनवर कोण कुणाला सांगतं? छापायला लघुदुवा किंवा क्यूआर कोडच लागतो, लिपी कोणतीही असो. लॉग वाचण्याआधी डीकोड करणं हे एका ओळीचं काम आहे. फसवणुकीचा निवाडा स्लगवरून नव्हे, त्याच्या आधी येणाऱ्या डोमेनवरून करायचा असतो, आणि डोमेनला टक्के लागतच नाहीत. २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘.भारत’ सुद्धा आतून प्युनीकोड नावाच्या निराळ्या पद्धतीने रोमन अक्षरांत उतरतं. राहिला ओंगळपणा. ब्राउझर कॉपी करताना टक्के देतो तो मुद्दामच: समोरचा प्रोग्रॅम पहिल्या बिगर-रोमन चिन्हापाशी लिंक तोडेल ही भीती. ती भीती अजून पुरती गेलेली नाही, हे कबूल. पण दुसऱ्याच्या लिंक ओळखण्याच्या कोडमधली उणीव भरून काढायला आपण आपला मजकूरच बदलायचा, हा इलाज रोगाच्या मानाने फार महाग आहे.

किती महाग, ते रोमन करून पाहिलं की कळतं. माल, माळ, मल, मळ हे चार वेगळे शब्द. रोज वापरल्या जाणाऱ्या रोमनमध्ये चौघांचं स्पेलिंग एकच, तीन अक्षरी. ‘पाणी’ आणि ‘पानी’ एक, ‘बाण’ आणि ‘बान’ एक. यंत्राने केलेलं लिप्यंतर तर बऱ्याचदा हिंदीच्या सवयीने चालतं आणि ‘ळ’ची वाट लावतं. उच्चारचिन्हांसहित शास्त्रशुद्ध रोमन लिहावं, तर वर-खाली टिंबं आणि रेघा आल्या की तीही टक्क्यांतच जातात. म्हणजे जिथे माहिती टिकते तिथे टक्के येतात आणि जिथे टक्के टळतात तिथे माहिती जाते. परसेंट एन्कोडिंग दिसायला कितीही वाईट असो, उलटं फिरवलं की मूळ शब्द काना-मात्रेसकट हाती येतो. रोमन स्लगमधून ‘माळ’ परत काढून दाखवा!

यंत्राला जमत नाही म्हणून लिपीनेच वाकावं, हा युक्तिवाद आपल्याकडे नवा नाही. देवनागरी छापखान्यात जोडाक्षरं आणि मात्रांमुळे शेकडो खिळे लागत, रोमनला त्या मानाने फारच थोडे. टाइपरायटर आला तेव्हा अडचण आणखी वाढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सावरकरांसह अनेकांनी लिपीसुधारणेच्या योजना मांडल्या. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरं टाकून ‘अि, अी, अु, अू’ अशी अ ची बाराखडी चालवावी, ही त्यांतलीच. त्या काळातले लोक अडाणी नव्हते. खिळ्यांचा आणि कळांचा हिशेब खरा होता. पण पुढे यंत्रच बदललं. संगणकाने फाँटमध्ये हवी तेवढी जोडाक्षरं बसवली आणि अ ची बाराखडी जुन्या पुस्तकांपुरती उरली. यंत्राची मर्यादा पन्नास वर्षांची असते, लिपीत केलेला बदल मात्र ग्रंथालयात कायमचा राहतो.

दुसरा दाखला तर याच वेबवरचा. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळं खास फाँटवर चालत. फाइलमध्ये असायची रोमन चिन्हं, फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फाँट नसेल तर पडद्यावर नुसता कचरा. त्या वेळी ते सोयीचंच होतं: एक बाइट, जुना डेटाबेस, काही बदलायला नको. किंमत नंतर चुकवावी लागली. तो मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही, दर फाँटसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी हमखास एक घर सरकते, कारण मुखवट्यात ती अक्षराच्या आधी लिहिलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. म्यानमारमध्ये झॉजी नावाच्या अशाच फाँटने अख्ख्या देशाला इतकं जखडलं, की १ ऑक्टोबर २०१९ ही तारीख ठरवून युनिकोडकडे वळावं लागलं. आज रोमन स्लग ही त्याच जातीची सोय आहे. प्रमाण लहान, एवढाच फरक.

मग मोडतं कुठे? पहिली जागा म्हणजे जावास्क्रिप्टमधली जुळी फंक्शनं, एन्कोड-यूआरआय आणि एन्कोड-यूआरआय-कंपोनंट. पहिलं अख्ख्या पत्त्यासाठी आहे, म्हणून ते &, +, =, ?, # यांना हात लावत नाही. शोधपेटीतला मजकूर त्यातून पाठवला की ‘खत & बियाणे’ शोधणाऱ्याला फक्त ‘खत’चे निकाल मिळतात; & पासून पुढचं सर्व्हरच्या लेखी वेगळंच पॅरामीटर झालेलं असतं. मजकुरासाठी दुसरंच फंक्शन हवं. नुसतं देवनागरी वाक्य टाकून चाचणी केली तर दोन्ही फंक्शनं एकसारखं उत्तर देतात, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते आणि सापडते तेव्हा नाव मराठीचं निघतं. दुसरी जागा अधिकच्या चिन्हाची. एचटीएमएल फॉर्ममधून जाताना मोकळी जागा ‘+’ होते, पत्त्याच्या मार्गात मात्र ती ‘%२०’च असायला हवी. एकाचा डीकोडर दुसऱ्याला लावला की ‘पुणे + नाशिक’मधला + गळतो, किंवा मोकळ्या जागी अधिकची चिन्हं उगवतात.

तिसरी आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे दुबार एन्कोडिंग. फ्रेमवर्कने एकदा केलेलंच असतं, प्रोग्रॅमर सावधगिरी म्हणून पुन्हा करतो. टक्क्याचं चिन्हच ‘%२५’ होतं आणि एका अक्षराची नऊची पंधरा होतात. मध्ये एखादा प्रॉक्सी, म्हणजे वाटेतला मध्यस्थ सर्व्हर, आणखी सावध असेल तर एकवीस. लांबीची मर्यादा असलेल्या जागी मग शेपूट तुटते, आणि तुटलेल्या शेपटीला प्रत्येक भाषा वेगळी वागणूक देते. जावास्क्रिप्टचा डीकोडर यूआरआय-एरर फेकून थांबतो, पायथनचा अनकोट मोडक्या बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन ठेवतो, पीएचपीचा यूआरएल-डीकोड चकार शब्द न काढता मोडके बाइट पुढे ढकलतो. माझं मत विचाराल तर पहिली वागणूक उद्धट असली तरी सर्वांत प्रामाणिक. पीएचपीची सभ्यता डेटाबेसपर्यंत घाण पोचवते.

डेटाबेसचंही पुराण आहेच. मायएसक्यूएलचा मूळ कॅरेक्टर सेट २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होता. असंख्य संकेतस्थळांनी त्या रकान्यांत यूटीएफ-८ बाइट कोंबले, त्याच चुकीच्या जोडणीतून परत वाचले, आणि दोन चुका एकमेकींना झाकत राहिल्या. सर्व्हर बदलायची वेळ आली की झाकण उडतं. ‘म’च्या जागी डोक्यावर तिरका फटकारा असलेला रोमन ए, मग चार काटे फुटलेलं गोल चलनचिन्ह, मग आणखी काहीतरी. याही कचऱ्याला व्याकरण आहे: दुसऱ्या जागी चलनचिन्ह असेल तर बाइट १६४, म्हणजे व्यंजन, स्वर, काना किंवा ऱ्हस्व वेलांटी; येनचं चिन्ह असेल तर १६५, म्हणजे दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा मोडलेला पाय. असा मजकूर दिसला म्हणजे तो बहुधा शाबूत आहे. रकाना थेट यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये बदलायचा आदेश दिला तर मात्र कचराच अधिकृत होतो. रकाना आधी बायनरी करायचा, म्हणजे बाइटांना कुणी हात लावत नाही, आणि मग त्यालाच नवा कॅरेक्टर सेट द्यायचा. आधी बॅकअप, हे सांगायला नकोच.

इथे अस्मितावाल्यांनाही एक टोला. मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं यूटीएफ-८ म्हणत, ते तीनच बाइटांचं अर्धवट रूप होतं. चार बाइटांचं खरं रूप २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत एमबी-४ या शेपटीसह आलं. देवनागरी तिनात बसते, म्हणून मराठीवाल्यांना त्याची झळ फक्त इमोजी टाकताना लागली. पण मोडी? ती जून २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिची घरं ७१,१६८ पासून सुरू होतात, म्हणजे प्रत्येक अक्षर चार बाइटांचं आणि टक्क्यांत बारा चिन्हांचं. जुन्या रकान्यात मोडीचं पहिलं अक्षर आलं की मजकूर तिथेच कापला जातो किंवा नोंद नाकारली जाते. जावास्क्रिप्टमध्ये त्या एका अक्षराची लांबी दोन भरते. मधोमध कात्री लागली तर उरलेला अर्धा तुकडा एन्कोड करतानाच प्रोग्रॅम कोसळतो. मोडीच्या पुनरुज्जीवनाची भाषणं देणाऱ्या संकेतस्थळांपैकी किती जणांनी आपले रकाने तपासलेत?

विरोधाचा सर्वांत भक्कम मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो ना ओंगळपणाचा ना लांबीचा. एकच मराठी शब्द दोन वेगळ्या बाइटमाळांनी लिहिता येतो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. ‘डोंगरदऱ्या’तला ऱ्य काही कळफलक नुक्त्याचा ऱ वापरून लिहितात, काही साधा र, पायमोड आणि झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह वापरून. ‘ॲप’च्या तर तीन तऱ्हा आहेत: २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिलेलं अखंड ॲ, अ वर चंद्र देऊन केलेलं, आणि हिंदीच्या वळणाचं ए वर चंद्र दिलेलं. एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या बाइटमाळा एका रूपात आणायची युनिकोडची रीत, एनएफसी नॉर्मलायझेशन, यांतलं काहीच एकत्र आणत नाही. पत्ता एका रूपात साठवला आणि वाचकाने दुसऱ्या रूपात टाइप केला की चारशेचार, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. त्याहून वाईट म्हणजे स्लग ‘साफ’ करणारी कितीतरी फंक्शनं अदृश्य चिन्हं काढून टाकतात. जोडचिन्ह गेलं की दऱ्यांचा दर्या होतो. डोंगर समुद्रात!

रोमन स्लगला हा त्रास नाही, हे खरं. पण हा त्रास पत्त्याचा आहे का? तोच शब्द शोधपेटीत, ग्राहकाच्या नावात, टॅगमध्ये, मतदारयादीत असतो. तिथे काय करणार? आजार अंगभर असताना पत्त्यापुरती पट्टी बांधून भागत नाही. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, आधी एनएफसी करायचं. मग आपल्या तीन नियमांचा छोटा तक्ता लावायचा: र-पायमोड-जोडचिन्ह असेल तर ऱ-पायमोड, ॲ ची इतर दोन रूपं असतील तर अखंड ॲ. ‘ऍ’ हिंदी मजकुरात वैध असतं, म्हणून हा तक्ता मराठी मजकुरालाच लावायचा. वीस ओळींचं काम आहे, आणि ते केलं की शोधही सुधारतो, जो रोमन स्लगने तसूभरही सुधारत नाही.

आणि पत्त्यापुरतं म्हणाल तर स्लगवर भिस्त ठेवायचीच कशाला? पत्त्यात आधी लेखाचा क्रमांक, मग देवनागरी स्लग. सर्व्हरने लेख शोधायचा तो क्रमांकावरून. स्लग फक्त वाचणाऱ्यासाठी. शेपूट वाटेत तुटली, जोडचिन्ह गळलं, कुणी जुनं शीर्षक चिकटवलं, तरी लेख उघडतो आणि सर्व्हर योग्य पत्त्याकडे वळवून देतो. छापायला क्रमांकापर्यंतचा पत्ता पुरतो. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवा: वळवायचं की नाही हे ठरवताना दोन्ही पत्ते डीकोड करून ताडा. षोडशमान अंकांतली अक्षरं कुणी लहान लिपीत लिहितं, कुणी मोठ्या. नियमाने दोन्ही समान आहेत, पण नुसती स्ट्रिंग ताडली तर ती वेगळी ठरतात आणि पान स्वतःकडेच वळत राहतं, ब्राउझर कंटाळून हात टेकेपर्यंत.

आपल्या संकेतस्थळाची बाजू कोणती हे चर्चेने ठरवायची गरज नाही, दोन मिनिटांत तपासता येतं. शोधपेटीत ‘दऱ्या & ॲप + १००%’ एवढं टाका, दऱ्यातला ऱ्य जोडचिन्हवाल्या कळफलकावरून, आणि निकालाच्या पानावर तेच परत उमटतंय का ते पाहा. फक्त ‘दऱ्या’ आलं तर एन्कोड करणारं फंक्शन चुकलं. & शाबूत पण + नाहीसा झाला तर कुणीतरी दुसऱ्यांदा डीकोड करतंय; पीएचपीत गेट-ॲरेमधलं, म्हणजे पत्त्यातून आलेल्या मूल्यांच्या यादीतलं, मूल्य आधीच डीकोड होऊन आलेलं असतं, ते पुन्हा सोलायचं नसतं. जावास्क्रिप्टच्या सर्व्हरवर तीच चूक शेवटच्या टक्क्यापाशी एरर देऊन उघडी पडते. ‘%२५’ दिसलं तर एन्कोडिंग दोनदा झालं. फटकारा दिलेला ए आणि काट्यांचं चलनचिन्ह आलं तर जोडणीचा कॅरेक्टर सेट पाहा. आणि बाकी सगळं जागच्या जागी असून ‘दऱ्या’चं तेवढं ‘दर्या’ झालं असेल, तर अदृश्य चिन्हं पुसणारं ते एका ओळीचं रेग्युलर एक्सप्रेशन शोधून काढा. ते बहुधा इंग्रजी ब्लॉगसाठी लिहिलेल्या एखाद्या प्लगिनमधून आलेलं असतं.